बोटीवरचा माणूस आणि घरचा फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरहून समुद्र लांब आहे, तरी इथल्या मराठी घरांतली मुलं बोटीवर जातात. रात्रभर धावणारी अवंतिका एक्सप्रेस पकडायची, मुंबईत मेडिकल आणि कागदपत्रं उरकायची, तिथून विमानाने सिंगापूर नाहीतर रॉटरडॅम गाठून साइन ऑन करायचं, म्हणजे बोटीवर रुजू व्हायचं. मी १९८३ ते १९९८ व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो आणि आता माझा भाचा थर्ड ऑफिसर आहे. त्यामुळे ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून, आया, बायका, वडील मला विचारत राहतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. दोन उत्तरं एकमेकांत गुंतली आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुलाकडे इंदूरचंच सिम आहे. भर समुद्रात त्याला फोन लागेल का?

नाही. मोबाईलचे टॉवर जमिनीवर असतात. किनारा क्षितिजाखाली गेला की थोड्याच वेळात सिग्नलही जातो. बंदरात किंवा किनाऱ्याजवळून जाताना रोमिंग वा तिथलं सिम चालतं. बाकी दिवस त्याचा फोन जहाजाच्या वायफायवर असतो, म्हणजे व्हॉट्सअॅप चालेल, पण नेहमीचा कॉल लागणार नाही. ‘स्विच्ड ऑफ’ ऐकू आलं की काळजी करू नका. व्हॉट्सअॅपवरही काही येत नसेल तर प्रश्न ६ पाहा.

२. मग हे वायफाय समुद्रात येतं कुठून?

जहाजाच्या फोटोत वर मोठे पांढरे घुमट दिसतात. त्यांच्या आत फिरती अँटेना असते आणि जहाज कितीही डोललं तरी तिचं तोंड उपग्रहाकडेच राहतं. याला व्हीसॅट म्हणतात. तिचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परतायला आणखी पाव. त्यामुळेच अशा कॉलवर दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. मुलगा तुटक बोलतोय, रागावलाय असं वाटून मनाला लावून घेतलेल्या आया मी पाहिल्या आहेत. तो अर्धा सेकंद आकाशाचा असतो.

२०२२ पासून स्टारलिंकची जहाजांसाठीची सेवा आली. तिचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, म्हणजे खूपच खाली फिरतात. तिथे हा उशीर जाणवत नाही आणि व्हिडिओ कॉल घरच्यासारखा लागतो. आज अनेक जहाजांवर दोन्ही असतं.

३. तुमच्या वेळी कसं होतं?

हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो, आणि आवडतोही.

ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीच्या, मागे रेडिओ रूम असायची. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी, मी शिकलो महूच्या एका निवृत्त सिग्नल्सवाल्याकडून. महूला लष्कराचं टेलिकम्युनिकेशनचं मोठं कॉलेज आहे, त्यामुळे आमच्या भागात असे शिक्षक मिळत. ते टेबलावर पेन्सिल वाजवून आमची परीक्षा घेत. बोटीवर खलाशी मला ‘मार्कोनी साब’ म्हणत.

ठरलेल्या वेळी मुंबई रेडिओ हे किनाऱ्यावरचं केंद्र एक यादी पाठवायचं. ज्या जहाजांसाठी निरोप आले आहेत त्यांची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरं, त्यात असत. आपलं नाव आलं की नंबर लावून थांबायचं, आणि पाळी आली की निरोप अक्षर अक्षर उतरवून घ्यायचा. घरी पाठवायला एसएलटी नावाची स्वस्त सोय होती. मी मोर्सने मजकूर किनाऱ्यावर द्यायचा आणि तिथून तो टपालाने इंदूरला जायचा. पत्रं तर बंदरातल्या एजंटकडे गठ्ठ्याने मिळत. बायकोची पाच पत्रं एकदम आली की मी तारखेप्रमाणे लावायचो आणि रोज एकच फोडायचो.

एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली की ती थबकतात. रेडिओ रूमच्या घड्याळावर लाल पट्टे असायचे. प्रत्येक तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत, संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या ५०० किलोहर्ट्‌झवर कोणीही काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. एखाद्या बुडत्या जहाजाची क्षीण हाक कुठे दबून जाऊ नये म्हणून. त्या तीन मिनिटांत आख्खा समुद्र गप्प व्हायचा.

इन्मारसॅटची उपग्रह सेवा १९८२ मध्ये सुरू झाली, पण मिनिटाला कित्येक डॉलर पडत. तो फोन मालकाच्या कामासाठी होता. खलाशाने तो उचलायचा तर घरात तसंच काही घडलेलं असायचं.

४. रेडिओ ऑफिसर आता नसतात म्हणे. मग संकटात मदत कोण मागतं?

आता यंत्रं मागतात, माणसाने बटण दाबायचं. या व्यवस्थेचं नाव जीएमडीएसएस. ती १९९२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली. त्या दिवसापासून जहाजावर मोर्सची सक्ती संपली; माझी नोकरी त्याच्या थोडी आधीच, १९९८ मध्ये संपली होती. माझे काही सोबती इलेक्ट्रिकल ऑफिसर झाले, मी घरी परतलो. मला त्याचं दुःख झालं, पण बदल योग्य होता. एकाच माणसाच्या कानावर पंचवीस जणांचा जीव ठेवणं बरं नव्हे.

आज ब्रिजवरचं लाल बटण दाबलं की जहाजाचा नऊ आकडी क्रमांक आणि ठिकाण आपोआप आसपासच्या जहाजांना आणि किनाऱ्याला जातं. जहाज बुडालंच तर इपर्ब नावाचं यंत्र पाण्याच्या दाबाने सुटून तरंगतं आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला हाक मारतं. ही सगळी साधनं वायफायपासून वेगळी असतात. इंटरनेट बंद म्हणजे मदतीचा मार्ग बंद, असं मुळीच नाही.

५. वायफायचे पैसे कोण देतं? कंपनीवर बंधन आहे का?

समुद्री कामगारांच्या हक्कांचा जागतिक करार म्हणजे मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. २०२२ च्या दुरुस्त्यांनी त्यात इंटरनेटही आलं आणि त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. त्यांनुसार मालकाने, व्यवहार्य असेल तिथवर, खलाशांना इंटरनेट द्यायचं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे. ‘व्यवहार्य’ आणि ‘वाजवी’ हे दोन्ही शब्द ताणता येतात. म्हणून करारावर सही करण्याआधी मुलाने एजंटला विचारावं: महिन्याला किती डेटा, केबिनमध्ये मिळतो की फक्त मेस रूममध्ये, संपल्यावर पुढचा केवढ्याला. पगार विचारायला लाजत नाही तसंच हेही विचारावं.

६. दोन दिवस मेसेज नाही. कधी घाबरायचं?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. डेटा संपलेला असतो. बंदरात माल चढतोय आणि तो दमून झोपलाय. जहाजाने दिशा बदलली आणि धुराडं नाहीतर डोलकाठी अँटेनाच्या आड आली. किंवा जहाज अशा देशाच्या हद्दीत आहे जिथे त्या सेवेला परवाना नाही, तेव्हा ती बंद ठेवावी लागते. चाचेगिरीच्या किंवा युद्धाच्या भागात कॅप्टन स्वतःही सगळ्यांचं नेट थांबवू शकतो.

माझा ठोकताळा असा आहे: त्याने आधी सांगून ठेवलं असेल तर आठवडाभर थांबा. न सांगता तीन दिवस शांतता असेल तर भरती केलेल्या एजन्सीला फोन करा आणि एवढंच विचारा, “जहाजाशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?” जहाजाचा नूनचा, म्हणजे दुपारी बाराचा, रिपोर्ट ऑफिसला रोज जातो, त्यामुळे हे त्यांना सांगता येतं. त्यासाठी घरी एका कागदावर चार गोष्टी हव्यात: जहाजाचं नाव, त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक), मुलाचा इन्डॉस क्रमांक (भारतीय खलाशांच्या सरकारी नोंदीतला) आणि एजन्सीचा परवाना क्रमांक व रात्रीचा फोन. हा कागद फ्रिजवर लावा. मोबाईलमध्ये ठेवलेला ऐन वेळी सापडत नाही.

७. नकाशावर त्याचं जहाज गायब झालं आहे. किंवा जमिनीवर दिसतंय!

जहाजं कुठे आहेत हे दाखवणाऱ्या इंटरनेटवरच्या त्या नकाशांना माहिती मिळते एआयएस यंत्रातून; ते जहाजाचं नाव आणि ठिकाण रेडिओवरून सतत सांगत असतं. ३०० टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांना ते २००४ च्या अखेरपासून सक्तीचं आहे. ते मुळात जहाजांची आपसांत टक्कर टळावी म्हणून आहे, घरच्यांसाठी नव्हे. त्याच्या लहरी साधारण वीस ते चाळीस सागरी मैल जातात. जहाज खोल समुद्रात गेलं की किनाऱ्यावरच्या अँटेनांना ते ऐकू येत नाही. उपग्रह ऐकतात, पण फुकटच्या नकाशावर ती माहिती बहुधा दाखवत नाहीत. त्यामुळे मुंबई सोडून आफ्रिकेकडे निघालेलं जहाज दहा दिवस एकाच ठिपक्यावर थिजलेलं दिसणं अगदी नेहमीचं आहे.

जीव धोक्यात आहे असं वाटलं तर कॅप्टन एआयएस बंद करू शकतो. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेकांनी तसं केलं. खोटे जीपीएस सिग्नल सोडून जहाजांना फसवण्याचे प्रकारही होतात. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली जहाजं पडद्यावर विमानतळावर उभी दिसत होती.

माझ्या बहिणीला मी सांगितलं, दिवसातून एकदाच नकाशा बघ. ती तासातासाला बघायची आणि ठिपका हलला नाही की तिचं जेवण राहायचं.

८. कोणत्या वेळी फोन करावा?

त्याची वॉच, म्हणजे कामाची पाळी, कोणती ते आधी विचारा. सर्वसाधारण रीत अशी: थर्ड ऑफिसरची आठ ते बारा, सेकंडची बारा ते चार, चीफ ऑफिसरची चार ते आठ, आणि हे दिवसातही तसंच, रात्रीही तसंच. इंजिनाकडच्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. त्यातून जहाज पूर्व-पश्चिम जाताना घड्याळं पुढेमागे करतात, म्हणजे गेल्या आठवड्यातली सोयीची वेळ आज त्याच्या झोपेची असते. त्याने स्वतः वेळ कळवावी, घरच्यांनी वाट पाहावी.

नियमाने त्याला चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत घेता येते आणि एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. घरचा कॉल या विश्रांतीतूनच जातो. रात्री बाराला वॉचवरून उतरलेला मुलगा घरी बोलत तीन वाजेपर्यंत जागला, तर सकाळी आठला ब्रिजवर पेंगलेला माणूस उभा असतो.

९. घरी वाईट बातमी आहे. लगेच सांगावी की उतरल्यावर?

याचं उत्तर मला दोन बाजूंनी ठाऊक आहे.

१९८७ साली आम्ही ऑस्ट्रेलियाहून गहू घेऊन येत होतो. संध्याकाळच्या यादीत आमची कॉल साइन आली. मी पेन्सिल घेतली आणि निरोप उतरवू लागलो. पत्त्यात माझंच नाव आलं. मोर्समध्ये शब्द दिसत नाही, अक्षरं येतात. एफ, ए, टी. तिथेच कळलं, तरी पुढची सगळी अक्षरं हाताने लिहावी लागली, आणि शेवटी ‘मिळाला’ अशी पोचही मीच वाजवली. वडील जाऊन चार दिवस झाले होते. पुढचं बंदर नऊ दिवसांवर होतं. त्यांचं तेरावं इथे रामबागेत झालं तेव्हा मी समुद्रावर होतो. बोटीवर रेडिओ ऑफिसर एकच असतो, म्हणून वॉच सोडता आली नाही. पावणेसातला घड्याळाचा काटा लाल पट्ट्यावर आला आणि तीन मिनिटं सगळे गप्प झाले. तेवढाच मला निवांतपणा मिळाला.

दुसरी बाजू अलीकडची. माझी बहीण घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. कोणीतरी भावनेच्या भरात भाच्याला हॉस्पिटलमधूनच व्हिडिओ कॉल लावला. आई स्ट्रेचरवर कण्हताना त्याने पाहिली आणि पंधरा मिनिटांनी तो मलाक्काच्या सामुद्रधुनीत वॉचवर गेला. तिथे जहाजांची गर्दी रस्त्यावरच्या रहदारीसारखी असते. पुढचे चार तास कसे काढले हे तो आजही सांगत नाही.

मला चार दिवसांनी कळलं, त्याला चार मिनिटांत. परतायला मात्र दोघांनाही सारखाच वेळ लागणार होता.

म्हणून माझं मत असं: लपवू नका. लपवलेलं व्हॉट्सअॅप ग्रुपवरून फुटतंच, आणि मग तो पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक’वर संशय घेतो. पण बातमी मोठी असेल तर आधी एजन्सीमार्फत कॅप्टनला कळवा. कॅप्टन त्याला वॉच संपल्यावर बसवून सांगेल, लागलं तर कामातून मोकळं करेल, आणि पुढच्या बंदरातून पाठवता येईल का ते त्याच वेळी पाहिलं जाईल. नंतर घरातल्या एकाच, शांत बोलणाऱ्या माणसाने फोन करावा. काय झालं, आता कोण सांभाळतंय, पुढचा फोन कधी येईल, एवढं सांगावं. तासातासाचे रिपोर्ट, सलाइनचे फोटो पाठवू नका.

किरकोळ गोष्टींना हीच रीत उलटी लावा. गीझर बिघडला, सासू-सुनेचं वाजलं, धाकट्याला कमी मार्क पडले, हे त्याला सांगून तो काय करणार आहे? आपल्याला मन मोकळं करायचं असतं ते खरं, पण तो रात्री केबिनमध्ये एकटा तेच घोळत बसतो.

१०. इंटरनेट आल्यामुळे बोटीवरचं जगणं सुधारलंच ना?

खूप. भाच्याने आपल्या मुलीचं पहिलं पाऊल भूमध्य समुद्रातून पाहिलं. माझा मुलगा मला पहिल्यांदा भेटला तेव्हा सात महिन्यांचा होता आणि माझी दाढी बघून रडला. कोविडच्या काळात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, तेव्हा त्यांच्यासाठी हा धागा किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको.

जे हरवलं ते मेस रूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत. आमच्या वेळी रात्री जेवण झालं की कॅरम, पत्ते, कोणाच्या तरी गावची गोष्ट. आता ताट उचलून जो तो केबिनमध्ये जातो. नवीन मुलगा नीट जेवत नाही हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं, कारण समोर बसलेला असायचा. आज तो उदास आहे हे इंदूरला आईला कळतं, शेजारच्या केबिनला कळत नाही. काही चांगले कॅप्टन रविवारी सगळ्यांना एकत्र जेवायला बसवतात, फोन बाजूला ठेवून. तुमच्या मुलाच्या बोटीवर असं होत असेल तर त्या वेळेत त्याला कॉल करू नका. आणि त्याला कधीमधी विचारा, “आज कोणाबरोबर जेवलास?”

११. याचा कामावर परिणाम होतो का?

होतो. पूर्वी समुद्रात कॅप्टन स्वतःच्या मताचा राजा होता, आता ऑफिसचे ईमेल दिवसभर येत राहतात आणि इंजिनाचे आकडे किनाऱ्यावर थेट दिसतात. याने चुका लवकर सापडतात, पण कागदी काम इतकं वाढलं आहे की कॅप्टनचा बराच दिवस पडद्यासमोर जातो.

सिग्नलच्या ओढीचं सर्वात दुःखद उदाहरण ‘वाकाशियो’ या जहाजाचं. २५ जुलै २०२० ला ते मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं आणि पुढे सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. मोबाईलचा सिग्नल मिळावा म्हणून ते किनाऱ्याच्या जास्त जवळ नेलं होतं, असं चौकशीत समोर आलं. जहाजावर पुरेसं इंटरनेट देणं ही चैन नाही, सुरक्षिततेची गरज आहे, असं मी म्हणतो ते यामुळेच.

१२. आजारी पडला तर?

मोठ्या मालवाहू जहाजावरही डॉक्टर नसतो. एक अधिकारी औषधपेटी सांभाळतो आणि रेडिओवरून वा ईमेलने किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला घेतो. रोममधली सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला हा सल्ला फुकट देते. पूर्वी जखमेचं वर्णन शब्दांत पाठवावं लागे, आता फोटो जातो. हे वैद्यकीय संदेश मुलाच्या डेटातून जात नाहीत.

१३. बँकेचा ओटीपी समुद्रात येत नाही. काय करू?

निघण्याआधीच बँकेत जाऊन ओटीपी ईमेलवर मिळतो का ते विचारून सोय करून घ्या. हप्ते आणि विम्याचे पैसे आपोआप कापले जातील असं ठेवा. ओटीपी मागवायला मुलाचं सिम घरच्या फोनमध्ये ठेवणं मला पटत नाही.

१४. तो बोटीवरचे फोटो पाठवतो. ग्रुपवर टाकले तर चालतात?

त्याचा वाढदिवस, सूर्यास्त, जेवणाचं ताट, खुशाल टाका. मार्ग, पुढचं बंदर, माल, पहारा, एखादा अपघात, हे टाकू नका. चाच्यांनाही इंटरनेट असतं. अपघाताचा फोटो तर जखमी माणसाच्या घरी कंपनीच्या फोनआधी पोचतो, आणि ते फार क्रूर आहे.

त्यानेही अनोळखी पेन ड्राइव्ह जहाजाच्या संगणकाला लावू नये. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्कसारख्या जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी एका कंपनीचं काम ठप्प केलं होतं.

१५. त्याला स्वतःचा सॅटेलाइट फोन घेऊन देऊ का?

नको. थुराया किंवा इरिडियमचा फोन परवानगीशिवाय भारतात आणणं, बाळगणं गुन्हा आहे. परदेशी बंदरात तो सहज विकत मिळतो, त्यामुळेच मुलं फसतात. मुंबई विमानतळावर उतरताना बॅगेत सापडला तर सुट्टीची सुरुवात पोलीस ठाण्यात होईल.

१६. दोन महिने पगार नाही, बोट नांगर टाकून उभी आहे, आता नेटही बंद झालं. ही सोडून दिलेली बोट आहे का?

असू शकते. मालक बुडाला की पहिलं बिल थकतं ते उपग्रहाचं, म्हणून नेट अचानक आणि कायमचं जाणं ही खूण गंभीर समजा. हे प्रश्न ६ मधल्या शांततेपेक्षा वेगळं आहे. प्रश्न ५ मधल्या जागतिक कराराच्या २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. अशा वेळी जेवण, पाणी, घरी परतणं आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळण्याची तरतूद आहे. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. मुलाने बोटीवर चढल्या दिवशीच त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवावा.

तुम्ही मुंबईच्या डीजी शिपिंगला, म्हणजे जहाजांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाला, आणि आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक संघटनेला लेखी कळवा. मुलाचे जुने मेसेज तारखेसकट जपून ठेवा, तेच पुरावे होतात. जहाज किनाऱ्याजवळ असेल तर त्याचं मोबाईल सिम इथून रिचार्ज करत राहा. आणि बोलायची वेळ ठरवून घ्या: दोन दिवसांतून एकदा, पाच मिनिटं, बाकी वेळ त्याने फोन बंद ठेवायचा. अशा बोटीवर डिझेल वाचवायला जनरेटर दिवसातून थोडाच वेळ लावतात, आणि तेवढ्यात पंधरा-वीस जणांना आपापले फोन चार्ज करायचे असतात.